क्लास बदलला आणि जुनी बुकिंगं उघडेनात: फाईलमधे नक्की काय ठेवायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत सांगतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. मडगावला ओळखीच्यांचं अकरा खोल्यांचं गेस्ट हाऊस, त्यांच्यासाठी तुम्ही जावामधे बुकिंगचा प्रोग्राम लिहिलात आणि प्रत्येक बुकिंगचा ऑब्जेक्ट (त्या एका बुकिंगची सगळी माहिती) सरळ ऑब्जेक्ट-आउटपुट-स्ट्रीममधून, म्हणजे जावाच्या आयत्या सीरियलायझेशनने, फाईलमधे टाकलात. दोन वर्षं मस्त चाललं. मग क्लास, म्हणजे बुकिंगच्या माहितीचा साचा, सुधारला: आधी चेक-इन आणि किती रात्री एवढंच होतं त्याच्या जागी चेक-इन आणि चेक-आउट अशा दोन तारखा केल्या, फोन नंबर बुकिंगमधून काढून वेगळ्या गेस्ट क्लासमधे नेला, आणि स्क्रीनवर पटकन दिसावी म्हणून एकूण रक्कम फील्डमधे धरून ठेवली. त्यानंतर जुन्या फाईली उघडताना इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शन. कोणीतरी सांगितलं सीरियल व्हर्जन यूआयडी (क्लासचा ओळख-आकडा) फिक्स कर, तुम्ही केलंत, एरर गेली, पण आता जुन्या प्रत्येक बुकिंगचं चेक-आउट नल, म्हणजे रिकामं, येतंय. आणि तुम्ही विचारताय की क्लास परत पहिल्यासारखा करू, की रीड-ऑब्जेक्टमधे (फाईल वाचताना चालणाऱ्या मेथडीत) काहीतरी जुगाड करू.

काहीही करण्याआधी एक काम करा, तो नवीन प्रोग्राम काउंटरवर चालू असेल तर आत्ता बंद करायला सांगा. गंमत करत नाही. यूआयडी फिक्स केल्यामुळे जुनी फाईल उघडते खरी, पण जुना फोन नंबर जाण्यासाठी नव्या बुकिंग क्लासमधे जागाच नाही, म्हणून तो गुपचूप गळतो, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने ते बुकिंग उघडून नुसतं सेव्ह दाबलं की डिस्कवरूनही गेला. रात्रींच्या आकड्याचंही तेच. एरर येत होती तोपर्यंत तुमचा डेटा सुरक्षित होता, खरा धोका एरर गेल्यावर सुरू झाला. सगळा फोल्डर कॉपी करून पेनड्राईव्हवर ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आता त्या यूआयडीबद्दल थोडं, कारण ह्या एका आकड्याच्या मागे लोक आठवडे घालवतात. तुम्ही तो आकडा स्वतः लिहिला नाही तर जावा तो क्लासच्या नावावरून, इंटरफेसवरून, फील्डांवरून, प्रायव्हेट नसलेल्या मेथडींवरून काढते. म्हणजे तुम्ही एकाही फील्डला हात न लावता नुसती एक पब्लिक मेथड वाढवलीत तरी आकडा बदलतो आणि जुनी फाईल परकी ठरते. आकडा स्वतः लिहायचा तो एवढ्यासाठी. पण तो आकडा म्हणजे फक्त दारावरचा वॉचमन, आत सोडायचं की नाही एवढं तो ठरवतो. आत आल्यावर "रात्री ३" ह्याचं "चेक-आउट २७ तारीख" कोणी करायचं, हे त्याचं काम नाही. ते तुम्हीच कुठेतरी लिहायला पाहिजे, आणि तुमच्या प्रोग्राममधे ती जागाच नाहीय. तुमचा खरा प्रॉब्लेम हा आहे.

मूळ घोळ असा की तुम्ही (आणि सुरवातीला मी पण, नी बहुतेक सगळेच) धरून चालता की फाईल म्हणजे क्लासचा फोटो. क्लास ही आजच्या कामाची मांडणी असते, स्क्रीन कशी आहे, हिशोब कसा करतो, वेग कुठे लागतो ह्यावर ती बदलत राहते आणि बदलायलाच पाहिजे. फाईल ही नोंद असते. आपल्याकडे गोव्यात हे समजवणं सोपं जातं, कारण जमिनीची नाहीतर घराची पोर्तुगीज काळातली कागदपत्रं कोणाच्या ना कोणाच्या कपाटात असतात. १९६१ नंतर कारभाराची भाषा बदलली, फॉर्म बदलले, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) आला, पण म्हणून कोणी जुन्या रजिस्टरात खाडाखोड करून तिथे इंग्रजी लिहिलं नाही. जुना कागद होता तसा राहतो, लागेल तेव्हा पोर्तुगीज वाचणारा माणूस त्याचं भाषांतर करून देतो. तुमच्या प्रोग्राममधे तो भाषांतर करणारा माणूस नाही.

पण थांबा, हे सगळं करायलाच पाहिजे का, तर ते अवलंबून आहे. मी स्वतः दोन गोष्टी विचारतो: हा डेटा किती दिवस जगणार, आणि तो कोण कोण वाचणार. सर्व्हरवरचं लॉगिन सेशन किंवा दहा मिनिटांचा कॅशे (तात्पुरती साठवण) असेल तर काही विचार करू नका, आहे तो क्लास आहे तसा टाका, व्हर्जन बदललं की कॅशे पुसा, लोक परत लॉगिन करतील, कोणी मरत नाही. एकाच प्रोग्रामच्या एकाच व्हर्जनने लिहायचं आणि त्यानेच वाचायचं असेल तरी तेच. पण गेस्ट हाऊसची बुकिंगं आणि बिलं ही गोष्ट वेगळी. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात, म्हणजे सहा वर्षं तिथेच झाली. सहा वर्षांत तुमचा बुकिंग क्लास असाच राहील असं तुम्हाला वाटतं? मला माझा सहा महिन्यांपूर्वीचा कोड बघवत नाही.

तर मग फाईलमधे काय ठेवायचं. क्लासमधली फील्डं घेऊन बसा आणि प्रत्येकाला विचारा, "तू हरवलास तर मी तुला परत आणू शकतो का?"

काही फील्डं अशी असतात की हरवली तर गेलीच. पाहुण्याचं नाव, चेक-इनची तारीख, खोली कुठली, ठरलेलं भाडं, आगाऊ किती घेतले. ही ठेवायचीच, ह्यात चर्चा नाही. काही अशी असतात की ती प्रोग्राम चालू आहे तोपर्यंतच खरी असतात, डेटाबेसचं कनेक्शन, लॉक, स्क्रीनला बदल कळवणारे लिसनर. ती ठेवायचीच नाहीत, जावामधे ट्रान्झियंट ("हे फाईलमधे नको" अशी खूण) लावा नी विसरा. ह्यातही चर्चा नाही.

मजा आहे ती तिसऱ्या प्रकारात, जे दुसऱ्या फील्डांवरून काढता येतं त्यात. सर्वसाधारण सल्ला असा असतो की जे काढता येतं ते साठवू नका, आणि बऱ्याचदा तो बरोबर असतो. जावाचा स्वतःचा हॅशमॅप बघा, की आणि व्हॅल्यूच्या जोड्या खणांत ठेवणारा. त्याच्या आतला जो टेबल असतो, कुठली जोडी कुठल्या खणात, तो ट्रान्झियंट आहे. फाईलमधे जातात खणांची संख्या, जोड्या किती तो आकडा आणि मग एकेक की आणि व्हॅल्यू. वाचताना सगळ्या जोड्या नव्याने आत टाकल्या जातात. कारण साधं आहे, बऱ्याच ऑब्जेक्टांचा हॅशकोड (ज्यावरून खण ठरतो तो आकडा) ह्या वेळी एक आणि प्रोग्राम परत चालू केल्यावर दुसरा, मग कालचे खण आज घेऊन करायचं काय? ॲरेलिस्टचंही तसंच, आतला ॲरे मोठा असतो, शेवटी रिकाम्या जागा असतात, पण फाईलमधे जातात फक्त खरे घटक. मी पोरांना हे शिकवताना चवथीची माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) सांगतो. चवथ झाली की आपण माळ्यावर काय ठेवतो, लाकडाची चौकट. सुपारीचे घोस, निरफणस, कांगलां, माटुळींगां हे सगळं पुढच्या वर्षी नवीन आणून बांधायचं, कोणी वाळलेली माटोळी तशीच्या तशी वर्षभर जपून ठेवत नाही.

इथपर्यंत सगळे येतात, आणि इथेच मी एकदा जोरात आपटलो आहे. उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलचं बिलिंग आमच्याकडे होतं, नाव नको. मी मोठ्या अभिमानाने ठरवलं होतं की बिलाची एकूण रक्कम साठवायची नाही, खोलीचं भाडं आहे, टॅक्सचा दर टेबलात आहे, उघडताना गुणाकार करायचा, एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नाही म्हणून. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ३,००० रुपये भाड्याच्या खोलीवर १८ टक्के होता, म्हणजे ५४० टॅक्स, बिल ३,५४०. १ ऑक्टोबर २०१९ पासून त्याच खोलीवर १२ टक्के झाला, आम्ही दराच्या टेबलात १८ चे १२ केले आणि खूश झालो. पुढे अकाउंटंटने सप्टेंबरच्या एका बिलाची डुप्लिकेट प्रिंट काढली, ती आली ३,३६० ची. पाहुण्याकडे कागद ३,५४० चा, रिटर्न ३,५४० प्रमाणे भरलेलं, आणि आमचा प्रोग्राम छातीठोकपणे सांगतोय ३,३६०. एक बिल नव्हे, आधीची सगळीच बिलं एका क्षणात बदलली होती, आणि कुठेही एरर नाही. दोन रात्री बसून दुरुस्त केलं, त्या अकाउंटंटने पुढे सहा महिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं.

तेव्हापासून माझा नियम असा: काढता येतं का एवढं विचारून भागत नाही, काढायची कृती कोणाच्या हातात आहे ते पण विचारायचं. चेक-आउट वजा चेक-इन बरोबर रात्री, ही कृती कधी बदलणार नाही, तर रात्री साठवू नका. पण कृती सरकारच्या हातात असेल, मालकाच्या हातात असेल, सीझनच्या दरपत्रकात असेल, तर त्या दिवशी निघालेलं उत्तर ही घडून गेलेली गोष्ट झाली, ती नोंदच आहे, ती साठवायची, आणि कुठल्या दराने काढली तो दरही बाजूला साठवायचा. २२ सप्टेंबर २०२५ ला त्याच खोलीचा दर ५ टक्क्यांवर आला, ३,००० वर १५० टॅक्स, बिल ३,१५०, तेव्हा आम्ही नुसती नवीन दराची ओळ टाकली आणि जेवायला गेलो. जुन्या बिलांना कळलंही नाही.

तुमच्या एकूण रकमेच्या फील्डाचं उत्तर ह्यातच आहे. बुकिंग नुसतं चालू असताना स्क्रीनवर दिसणारी रक्कम अंदाज आहे, ती साठवू नका. बिल फाडलं की ती नोंद झाली, ती बिलाबरोबर साठवा. एकच फील्ड दोन्हीसाठी वापरलंत म्हणून गोंधळ झाला.

आता हे बसवायचं कसं. मी गेली बरीच वर्षं एकच पद्धत वापरतो, साठवणीसाठी वेगळा क्लास. जावामधे रेकॉर्ड (नुसती माहिती धरणारा साधा क्लास) घ्या, त्याला "साठवलेलं बुकिंग, आवृत्ती १" असं काहीतरी नाव द्या, आणि त्यात फक्त साधी फील्डं ठेवा, स्ट्रिंग, आकडा, यादी. लॉजिक शून्य. तारीख आयएसओ पद्धतीच्या स्ट्रिंगमधे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. रक्कम पैशांत (रुपयांत नव्हे), पूर्णांकात, डबलमधे (दशांशाच्या आकड्यात) कधीही नाही. खोलीचा अख्खा ऑब्जेक्ट नको, खोलीचा नंबर पुरे, नाहीतर बुकिंग ओढलं की खोली, खोली ओढली की मजला, मजला ओढला की हॉटेल आणि हॉटेलमागे बाकीची सगळी बुकिंगं, जाळं टाकलं बांगड्यासाठी नी अर्धा समुद्र होडीत. मग दोन मेथडी लिहा, चालत्या बुकिंगवरून साठवणीचं बुकिंग बनवणारी आणि उलटी. फाईलमधे जातो तो फक्त साठवणीचा क्लास, जेसन (साध्या मजकुराचा फॉरमॅट) करून टाका, नोटपॅडमधे उघडून वाचता येतो हा फायदा रात्री अकराला फोन आल्यावर कळतो.

खोलीचा प्रकार एनम (ठरावीक पर्यायांची यादी) असेल तर त्याचा क्रमांक साठवू नका. मधे एक नवीन प्रकार घुसवला की पुढचे सगळे एकाने सरकतात आणि काल एसी घेतलेला पाहुणा आज नॉन-एसीत. प्रत्येक प्रकाराला स्वतःचा छोटा कोड द्या आणि तो परत कधी दुसऱ्याला देऊ नका.

तुम्ही म्हणाल हे डबल काम झालं, तीच फील्डं दोनदा लिहायची. झालं खरं. तुमच्या बुकिंगसाठी चाळीस-पन्नास ओळी होतील. पण त्या ओळी म्हणजेच तुमच्याकडे नसलेला तो भाषांतर करणारा माणूस, त्याच्याशिवाय जे होतं ते तुम्ही आत्ता भोगताय. शिवाय त्यानंतर बुकिंग क्लासमधे पाहिजे ती मोडतोड करा, फील्डाचं नाव बदला, तीन क्लास करा, फाईलला पत्ता लागत नाही. चुकलंच तर ते त्या दोन मेथडींत, म्हणजे शोधायची जागा एकच.

जावामधे दुसरे मार्ग नाहीत असं नाही. सीरियल-पर्सिस्टंट-फील्ड्स म्हणून सोय आहे, त्यात क्लासची खरी फील्डं एक आणि फाईलमधली फील्डं वेगळी असं जाहीर करता येतं आणि रीड-ऑब्जेक्टमधे हाताने जुळवता येतं. मी वापरलंय, एका बदलापुरतं चालतं, पण तिसऱ्या बदलानंतर त्या क्लासमधे आजचं काम कमी आणि जुन्या फाईलींचं सामान जास्त असं झालं. तुम्हाला काही कारणाने जावाचं सीरियलायझेशन सोडताच येत नसेल तर मग प्रॉक्सीचा मार्ग धरा, राईट-रिप्लेसमधून छोटा साठवणीचा ऑब्जेक्ट द्यायचा आणि वाचताना त्याच्या रीड-रिझॉल्वमधून खरा ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरने (ऑब्जेक्ट नव्याने बनवताना चालणाऱ्या कोडने) बनवायचा. जावाच्या स्वतःच्या एनमसेट आणि लोकलडेट ह्या क्लासांनी हेच केलंय, म्हणजे परत साठवणीचा वेगळा क्लासच.

कन्स्ट्रक्टर म्हटलं म्हणून एक महत्त्वाचं. जावा फाईलमधून साधा सीरियलायझेबल ऑब्जेक्ट बनवते तेव्हा त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही, फील्डं सरळ भरली जातात. तुम्ही कन्स्ट्रक्टरमधे "चेक-आउट चेक-इनच्या आधी नको" असं तपासलं असेल तर फाईलमधून आलेल्या बुकिंगला ते लागू नाही, म्हणून तर नल तारखेचं बुकिंग आरामात स्क्रीनपर्यंत पोचलं. २०२१ मधे जावा १६ बरोबर रेकॉर्ड पक्के झाले, त्यांचं तसं नाही, ते वाचतानाही आपल्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच जातात. कुठलीही पद्धत घ्या, फाईलमधून आलेला ऑब्जेक्ट पुढच्या दारातूनच आत आला पाहिजे, परसातून नको. (परक्याने पाठवलेली फाईल जावाच्या सीरियलायझेशनने उघडणं सुरक्षिततेच्या दृष्टीनेही वाईट. २०१७ च्या जावा ९ मधे त्यासाठी फिल्टर आले, डॉटनेटवाल्यांनी तर २०२४ च्या डॉटनेट ९ मधे बायनरी-फॉरमॅटर (त्यांचं तसंच सीरियलायझेशन) चालायचाच बंद केला. पायथनच्या पिकलनेही परकी फाईल उघडणं तसंच धोक्याचं. तुमच्या एका पीसीवरच्या प्रोग्रामला आज ह्याची भीती कमी, पण नवीन काम त्यावर उभारू नका.)

आता आवृत्ती. फाईलमधे अगदी पहिलं फील्ड आवृत्तीचा नंबर. पहिल्या दिवसापासून, तेव्हा एकच आवृत्ती असली तरी. पुढे साठवणीचा आकार बदलला की "आवृत्ती २" असा नवीन रेकॉर्ड करायचा आणि १ चं २ करणारी एक मेथड लिहायची. तिसरी आली की २ चं ३. एकचं तीन करणारी वेगळी लिहू नका, साखळीतून जाऊ दे. आणि एकदा लिहिलेल्या जुन्या भाषांतराला हात लावायचा नाही. तुमच्या केसमधे १ चं २ म्हणजे चेक-इनमधे रात्री मिळवल्या की चेक-आउट, आणि फोन उचलून गेस्टमधे, झालं.

सगळीच भाषांतरं इतकी सरळ नसतात. एका कामात आम्हाला नावाचं एक फील्ड मोडून नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन करायची होती. रमेश विष्णू गावकर बरोबर तुटतो. नुसतं "फर्नांडिस फॅमिली" लिहिलेलं असेल तर? पोर्तुगीज पद्धतीने चार चार शब्दांचं नाव असलेला पाहुणा आला तर? अंदाज करून तोडलं की मूळ माहिती बिघडते आणि परत जोडता येत नाही. आम्ही शेवटी जुन्या नोंदीत पूर्ण नाव एकाच फील्डात तसंच ठेवलं आणि तीन तुकडे रिकामे, माणूस परत आला तर काउंटरवर विचारून भरतील.

रिकाम्यावरून आठवलं, "माहीत नाही" आणि "नाही" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा तुम्ही नवीन "नाश्ता धरून" असं बूलियन (हो-नाही) फील्ड टाकलंत. जुन्या फाईलीत ते नाही, जावा त्याला फॉल्स करणार, आणि आता तुमचा प्रोग्राम दोन वर्षांच्या सगळ्या पाहुण्यांबद्दल सांगतोय की त्यांना नाश्ता नव्हता. त्यांना होता की नव्हता हे कोणी विचारलंच नव्हतं. अशा ठिकाणी तिसरी किंमत ठेवा. थोडं कटकटीचं आहे पण खोटं बोलण्यापेक्षा बरं.

उलट दिशेचा विचार बरेच जण विसरतात, नवीन फाईल जुन्या प्रोग्रामने उघडली तर? काउंटरचा पीसी अपडेट केला आणि मालकाच्या लॅपटॉपवर जुनंच व्हर्जन राहिलं हे होतंच. माझा साधा नियम, आपल्याला माहीत असलेल्यापेक्षा मोठा आवृत्ती नंबर दिसला की फाईल उघडायची नाही, "प्रोग्राम अपडेट करा" असा मेसेज द्यायचा. अनोळखी फील्ड दिसलं तर जॅक्सन (जावाची जेसन वाचायची लायब्ररी) २.x बाय डिफॉल्ट एरर देतं, लोक वैतागून ते बंद करतात, आणि मग जुना प्रोग्राम अनोळखी फील्डं टाकून देऊन तीच फाईल परत लिहितो, म्हणजे तुमच्या फोन नंबरचंच परत. बंद करायचं असेल तर अनोळखी फील्डं जपून परत लिहायची सोयही करा. प्रोटोबफ (माहिती साठवायचा दुसरा फॉरमॅट) वापरलंत तर ते अनोळखी फील्डं जपतं, आणि तिथे फील्डाची ओळख नावाने नसून नंबरने असते, काढलेल्या फील्डाचा नंबर राखीव म्हणून लिहून ठेवायचा, परत वापरायचा नाही. चांगली शिस्त आहे, पण अकरा खोल्यांसाठी प्रोटोबफ मी आणणार नाही.

खरं सांगू तर अकरा खोल्यांसाठी हजारो सुट्या फाईली पण मी ठेवणार नाही, एसक्यूलाईटची (एका फाईलीत मावणाऱ्या डेटाबेसची) एक फाईल ठेवीन. त्यातही आवृत्तीचा नंबर ठेवायला यूजर-व्हर्जन नावाची जागा आयती आहे. पण वर लिहिलेलं सगळं तिथेही तसंच लागू होतं, टेबल म्हणजे तुमचा क्लास नव्हे, त्यामुळे ते आत्ता बदलायची घाई नको. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

फाईलीच ठेवणार असाल तर लिहिताना जुन्या फाईलीवर थेट लिहू नका. बाजूला तात्पुरत्या फाईलीत पूर्ण लिहा, मग नाव बदलून जुन्याच्या जागी आणा, जावाच्या फाईल्स-मूव्हला ॲटॉमिक-मूव्ह सांगता येतं. जून-जुलैत आपल्याकडे लाईट कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको, अर्धी लिहिलेली फाईल कुठल्याच आवृत्तीची नसते.

आता तुमच्या आत्ताच्या फाईलींचं. गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमधून) बदलाच्या आधीचा कोड काढा, किंवा जुनी जार फाईल (तयार केलेला प्रोग्राम) शोधा. त्या जुन्या क्लासनेच सगळ्या फाईली वाचायच्या आणि जेसनमधे आवृत्ती १ म्हणून लिहायच्या, एवढंच करणारा छोटा प्रोग्राम करा. चेक-आउट, गेस्ट वगैरे काही सुधारायचं नाही तिथे, जसं आहे तसं. ते काम नवीन प्रोग्राममधलं १ चं २ करणारं भाषांतर करील. झाल्यावर मोजा, फाईली किती होत्या, जेसन किती झाले, आगाऊ रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळते का, एकूण रात्री जुळतात का. मग प्रत्येक आवृत्तीच्या पाच-सहा खऱ्या फाईली, पाहुण्यांची नावं आणि फोन बदलून, टेस्टच्या फोल्डरात टाका, आणि प्रत्येक बिल्डला त्या उघडून तपासा. पुढच्या वेळी क्लास बदलताना काही मोडलं तर ते तुमच्या मशीनवर मोडेल, मडगावच्या काउंटरवर नाही.

जुनी जार मिळाली नाही आणि गिटमधे फक्त सोर्स आहे, तर कंपाईल केल्यावर यूआयडी जुळेलच असं नाही, कंपायलर बदलला तरी कधी कधी फरक पडतो. घाबरू नका, एक्सेप्शनच्या मेसेजमधे दोन आकडे असतात, एक फाईलीतला आणि एक तुमच्या क्लासचा. फाईलीतला उचलून जुन्या क्लासमधे यूआयडी म्हणून लिहा आणि वाचा. जार असेल तर जेडीकेबरोबर (जावाच्या प्रोग्रामरांच्या संचाबरोबर) येणारं सीरियलव्हर हे टूल तोच आकडा काढून देतं. आणि जार शोधताना गेस्ट हाऊसच्या त्या पीसीवर डाऊनलोड्सचा फोल्डर बघायला विसरू नका, काउंटरवरचा माणूस कधी काही डिलीट करत नाही, माझ्या दोन क्लायंटांचा डेटा तिथूनच वाचलाय.